मूत्रपिंडाचे विकार आणि वैद्यकीय शिक्षणाचा ताळेबंद

जिल्हा रुग्णालयातील डायलिसिस यंत्रांचे उद्घाटन हा महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील एक परिचित प्रसंग झाला आहे. पालकमंत्री येतात, फीत कापली जाते, यंत्राला हार घातला जातो आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात छायाचित्र झळकते. या समारंभाची थट्टा करण्याचे काही कारण नाही. आठवड्यातून दोनदा एस.टी.ने लांबचा प्रवास करून मोठ्या शहरातील रुग्णालय गाठणाऱ्या रुग्णाला आपल्याच जिल्ह्याच्या गावी खाट मिळणे म्हणजे काय, हे त्याचे त्यालाच ठाऊक. तथापि, या यंत्रापाशी येणाऱ्या माणसांची रांग कोठून सुरू होते आणि ती वर्षानुवर्षे लांबतच का जाते, हा प्रश्न अशा वेळी कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर काही अंशी मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या प्रसारात आहे, हे खरेच. परंतु बऱ्याच अंशी ते वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डात, म्हणजे डॉक्टर जेथे घडतो तेथे शोधावे लागते.

प्रथम खर्चाची बाजू पाहावी. २०१६-१७ चा अर्थसंकल्प मांडताना तत्कालीन केंद्रीय अर्थमंत्री अरुण जेटली यांनी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा केली, तेव्हा काही आकडे संसदेपुढे ठेवले होते. मूत्रपिंडे अखेरच्या अवस्थेपर्यंत निकामी झालेल्या रुग्णांत दरवर्षी सुमारे २ लाख २० हजारांची भर पडते. त्यांच्यामुळे डायलिसिसच्या ३ कोटी ४० लाख सत्रांची वाढीव मागणी निर्माण होते. देशातील केंद्रे ४,९५० च्या आसपास असून ती प्रामुख्याने खासगी क्षेत्रात व मोठ्या शहरांत आहेत. आणि एका सत्राला सुमारे २,००० रुपये पडतात, असे ते आकडे होते. साधा भागाकार केला तर दर रुग्णामागे वर्षाला सुमारे १५५ सत्रे येतात, म्हणजे आठवड्याला तीन. गुणाकार केला तर ६,८०० कोटी रुपये होतात. हा केवळ एका वर्षात दाखल झालेल्या नव्या रुग्णांचा, केवळ एका वर्षाचा, २०१६ च्या दराने येणारा खर्च आहे. पुढील वर्षी त्यांपैकी जे जगतील ते पुन्हा येणार आणि त्यांच्या मागे नवे २ लाख २० हजार उभे राहणार. प्रत्यक्षात असंख्य रुग्ण आठवड्याला तीनऐवजी दोनच सत्रांवर भागवतात आणि कित्येक जण काही महिन्यांत येणेच सोडून देतात. खर्चाचा आकडा त्यामुळे आटोक्यात राहतो. ही काटकसर कोणत्या प्रकारची आहे, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या वाटेने पुढे गेलेल्या देशाचा अनुभव उद्बोधक आहे. अमेरिकेत सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये हाताच्या रक्तवाहिन्यांत कायम राहू शकेल अशी नळी बसवली आणि तोपर्यंत केवळ तात्पुरत्या उपयोगाचे असलेले डायलिसिस हा दीर्घकालीन उपचार बनला. यंत्रे थोडी आणि रुग्ण फार, म्हणून कोणाला यंत्र द्यावयाचे आणि कोणाला नाही, हे ठरविण्यासाठी तेथे सामान्य नागरिकांची एक समिती नेमण्यात आली. १९६२ मध्ये तिची हकीकत प्रसिद्ध झाली, तेव्हा देशभर खळबळ माजली. पुढे १९७२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून या रुग्णांचा खर्च शासकीय विम्यावर घातला. कृती माणुसकीची होती, यात शंका नाही. परंतु पैसा यंत्राला मिळू लागला आणि यंत्र टाळण्याच्या कामाला मिळाला नाही. त्या वेळी काही हजार असलेली रुग्णसंख्या आज पाच लाखांच्या पुढे गेली आहे. आणि गंमत अशी की, इतका पैसा ज्या शाखेभोवती फिरतो, त्याच शाखेच्या प्रशिक्षणाच्या जागा तेथे अलीकडे वर्षानुवर्षे पूर्ण भरत नाहीत. यंत्रावर खर्च केला म्हणजे त्या विषयाचे ज्ञान आपोआप वाढते, हा समज किती भ्रामक आहे, ते यावरून दिसते.

पिशवीतील कागद

डायलिसिस विभागाच्या बाहेर बाकावर बसलेल्या प्रत्येक रुग्णाच्या मांडीवर एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तीत जुने रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, सोनोग्राफीची पाकिटे असा सगळा ऐवज असतो. ही कागदपत्रे तारखेनुसार लावून पाहिली तर बहुधा एकाच प्रकारची कहाणी निघते. सात-आठ वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. साखरेची तपासणी नियमाने झाली. लघवीतील प्रथिनाची तपासणी एकदाही झाली नाही. रक्तदाब अधूनमधून मोजला गेला, पण १६० आला तरी गोळी तीच राहिली. गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने चालू होत्या. क्रिएटिनिनचा आकडा एका कागदावर १.४ आहे, दुसऱ्यावर २.१, तिसऱ्यावर ३.८. प्रत्येक कागद निराळ्या डॉक्टरने पाहिला, आणि एकानेही तीन कागद शेजारीशेजारी ठेवले नाहीत. शेवटचा कागद अतिदक्षता विभागाचा असतो. रुग्ण मध्यरात्री दम लागून आलेला, क्रिएटिनिन १२, आणि मानेतील शिरेत घातलेल्या नळीवाटे पहिले डायलिसिस.

यात कोणी हेतुपुरस्सर हयगय केलेली नसते. त्या डॉक्टरांना पाहावयास शिकवलेलेच नसते, इतकेच. मूत्रपिंड हा मोठा सोशिक अवयव आहे. त्याची निम्म्याहून अधिक शक्ती नष्ट झाली तरी रुग्णाला काही जाणवत नाही आणि रक्तातील क्रिएटिनिन बराच काळ प्रयोगशाळेने छापलेल्या मर्यादेच्या आत किंवा किंचित बाहेर राहते. शिवाय हा पदार्थ स्नायूंतून येतो. त्यामुळे कुस्ती खेळणाऱ्या तरुणाच्या रक्तात १.३ हा आकडा निर्धास्त करणारा असू शकतो, तर चाळीस किलो वजनाच्या सत्तरीच्या वृद्धेच्या रक्तात तोच आकडा मूत्रपिंडाचे निम्मे काम थांबल्याची खूण असतो. आकडा एकच, अर्थ दोन. हे पुस्तकात एका परिच्छेदात लिहिलेले असते आणि परीक्षेत त्याचे उत्तरही अचूक येते. पण समोर ती वृद्धा बसलेली असताना आणि बाहेर साठ रुग्ण ताटकळत असताना तो परिच्छेद आठवावा लागतो. ती सवय वाचनाने लागत नाही. कोणीतरी वडीलधाऱ्याने खाटेशेजारी उभे करून, चूक दाखवून, पुन्हा पुन्हा लावावी लागते.

या विषयाचे प्रशिक्षण सुरू झाले तेच खाटेशेजारी. लंडनच्या गाइज रुग्णालयातील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावरील सूज, लघवीतील प्रथिन आणि मूत्रपिंडाचा विकार यांची सांगड घातली. त्यांची चाचणी अशी होती की आजच्या विद्यार्थ्याला हसू यावे. चमच्यात लघवी घ्यावयाची आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर धरावयाची. प्रथिन असेल तर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे गोठते. पुढे १८४२ च्या सुमारास त्या रुग्णालयाने काही महिन्यांसाठी दोन वॉर्ड केवळ अशा रुग्णांसाठी राखून दिले. खाटा ४२, लगत एक छोटी प्रयोगशाळा, आणि टिपणे घेणारे विद्यार्थी. एकाच विकाराच्या निरनिराळ्या पायऱ्यांवरील माणसे एका छताखाली पाहावयास मिळाली, म्हणून त्या तरुणांना विकाराचा प्रवास दिसला.

आजच्या विद्यार्थ्याला नेमके हेच दिसत नाही. देशातील नियमांनुसार एम.बी.बी.एस.च्या महाविद्यालयात मूत्रपिंडविकाराचा स्वतंत्र विभाग असणे बंधनकारक नाही. हा विषय सर्वसाधारण वैद्यकशास्त्राच्या पोटात शिकवला जातो. २०१९ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात तीव्र व दीर्घकालीन मूत्रपिंडविकारांसाठी अपेक्षित कौशल्यांची यादी आहे आणि ती यादी चांगलीही आहे. परंतु विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारा रुग्ण हा मोठ्या रुग्णालयात शेवटच्या टप्प्यावर पोचलेला रुग्ण असतो. सुजलेला चेहरा, फिकट डोळे, मानेत नळी. हा विद्यार्थी पुढे तालुक्याच्या गावी दवाखाना उघडतो, तेव्हा त्याच्याकडे येणारा रुग्ण धडधाकट दिसत असतो, स्वतःच्या पायांनी चालत येतो आणि म्हणतो, 'डॉक्टरसाहेब, जरा थकवा वाटतो.' या माणसाला त्याने विद्यार्थिदशेत कधी पाहिलेलेच नसते.

एक लहानसे उदाहरण पुरेसे बोलके आहे. नियमित डायलिसिससाठी हातातील धमनी व शीर जोडून 'फिस्टुला' करावा लागतो. तो वापरण्याजोगा होण्यास काही आठवडे जातात आणि त्यासाठी मनगटापासून कोपरापर्यंतच्या शिरा शाबूत असाव्या लागतात. मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत असलेल्या रुग्णाच्या, सहसा डाव्या, हातातून रक्त काढू नये आणि तेथे सलाइनही लावू नये, हा यामुळेच प्राथमिक नियम आहे. तो पाळावयाचा की नाही, हे तज्ज्ञाच्या हाती नसते. पहाटे पाच वाजता वॉर्डभर रक्ताचे नमुने गोळा करीत फिरणाऱ्या प्रशिक्षणार्थी डॉक्टरच्या आणि परिचारिकेच्या हाती ते असते. त्यांना ते कोणी सांगितलेले नसेल, तर रुग्णाची दोन वर्षांनंतरची सोय त्या पहाटे निकालात निघते.

औषधांचेही तसेच. रक्तदाबावरील एका विशिष्ट गटातील गोळ्या मधुमेही रुग्णाच्या मूत्रपिंडाचे रक्षण करतात, हे १९९३ मध्ये कॅप्टोप्रिल या औषधाच्या मोठ्या चाचणीने दाखवून दिले. ही औषधे आज अत्यंत स्वस्त आहेत. पण ती सुरू केल्यावर क्रिएटिनिन प्रथम थोडे वाढते. सुमारे तीस टक्क्यांपर्यंतची वाढ चालते, हे ज्याने आपल्या वरिष्ठाबरोबर चार रुग्णांत पाहिले आहे तो डॉक्टर पोटॅशियम तपासून औषध चालू ठेवतो. ज्याने पाहिलेले नाही तो घाबरून बंद करतो. २०२५ च्या मार्चमध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरील आणि मूत्रपिंडालाही उपकारक ठरलेल्या औषधाचे पेटंट भारतात संपले आणि त्याच्या गोळीचा दर झपाट्याने उतरला. बाजाराने आपले काम केले. आता प्रश्न आहे तो ही गोळी कोणत्या रुग्णाला, कोणत्या टप्प्यावर द्यावयाची हे ओळखणाऱ्या नजरेचा. ती काही औषधाच्या दुकानात मिळत नाही.

दोन दिवसांचा अवधी

येथवर सावकाश चालणाऱ्या विकाराचा विचार झाला. परंतु मूत्रपिंडे चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांतही बंद पडतात, आणि वेळेवर लक्षात आले तर ती बहुधा पुन्हा सुरूही होतात. महाराष्ट्राच्या पावसाळ्याला हा अनुभव नवा नाही. २००५ च्या जुलैतील मुंबईच्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने जी वाताहत केली, तीत मूत्रपिंडांवरचा आघात मोठा होता. कोकणात आणि घाटावर भातलावणीच्या दिवसांत घोणस चावते. तिच्या विषाने रक्त गोठेनासे होते आणि पाठोपाठ लघवी बंद होते. विष भिनले आहे की नाही, हे पाहण्यासाठी काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवावयाची, एवढीच चाचणी पुरते. प्राथमिक आरोग्य केंद्रात नळी असते, घड्याळ असते; हवा असतो तो ही चाचणी पूर्वी स्वतः केलेला डॉक्टर.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे नाव या संदर्भात सहज आठवते. विंचूदंशावरील त्यांच्या कामाची कीर्ती जगभर आहे. परंतु २०१० मध्ये महाराष्ट्रातील एका लहान खेड्यातील पिण्याच्या पाण्यातील जड धातू आणि तेथील रहिवाशांची मूत्रपिंडे निकामी होणे यांचा संबंध मांडणारे निवेदनही त्यांनीच प्रसिद्ध केले. ते मूत्रपिंडतज्ज्ञ नव्हेत. तालुक्याच्या गावी रुग्ण तपासणारे, पण एकाच गावातून वारंवार एकाच प्रकारचे रुग्ण का येतात असा प्रश्न पडणारे ते डॉक्टर आहेत. आंध्र प्रदेशातील उद्दानम भागात किंवा छत्तीसगडमधील सुपेबेडा या गावी गावेच्या गावे या विकाराने पोखरली गेली, तेथेही हाच प्रश्न पडावा लागला.

याची काळी बाजूही महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होते आणि त्याने मूत्रपिंडे निकामी केली होती. चाळीस वर्षे उलटत आली, आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातील त्याच विषाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. त्यांतील अनेक मुले उपचारांसाठी नागपूरला आणलेली होती. आधी साधा ताप, मग लघवी कमी, मग बंद. औषध नियंत्रणाचा तो दारुण पराभव होता, आणि त्याची जबाबदारी शिक्षणावर ढकलणे अन्यायाचे होईल. तरीही अशा वेळी पहिले बालक आणि विसावे बालक यांच्यामधील अंतर ठरते ते 'याने आधी कोणते औषध घेतले होते?' आणि 'काल लघवी किती झाली?' हे दोन प्रश्न पहिल्या दिवशी विचारले गेले की नाहीत, यावर. असले प्रश्न विचारण्याच्या सवयीलाच वैद्यकाच्या परिभाषेत 'क्लिनिकल' प्रशिक्षण म्हणतात.

प्रोत्साहन कशाला?

ही सवय लागावी म्हणून पूर्वसूरींनी एक वर्षाची आंतरवासिता ठेवली. वर्गात शिकलेले विद्यार्थ्याने रुग्णावर, पण वडिलांच्या नजरेखाली, करून पाहावे, हा तिचा हेतू. आज त्या वर्षाचे काय झाले आहे, हे प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात उघड गुपित आहे. पदव्युत्तर प्रवेशासाठी साडेतीन तासांत पर्यायी उत्तरांचे २०० प्रश्न सोडवावयाचे असतात आणि त्यावर पुढील सारे आयुष्य अवलंबून असते. साहजिकच आंतरवासी विद्यार्थ्याचे लक्ष वॉर्डापेक्षा ग्रंथालयाकडे आणि शिकवणी वर्गाच्या ध्वनिफितींकडे असते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. अर्थशास्त्रातील अगदी प्राथमिक सूत्र असे आहे की, माणसे मोबदल्याच्या दिशेने वळतात. क्रिएटिनिनवरील प्रश्नाला गुण आहेत. वृद्धेच्या पायावरील सूज बोटाने दाबून पाहण्याला नाहीत.

तोच न्याय दवाखान्यालाही लागू पडतो. तालुक्याच्या डॉक्टरने काही रुपयांची पट्टी लघवीत बुडवून वेळीच प्रथिन शोधले आणि रुग्णाचे डायलिसिस दहा वर्षे लांबवले, तर समाजाचे लाखो रुपये वाचतात, पण त्या डॉक्टरला त्यांतील एक पैसाही मिळत नाही. उलट पुढे मोठ्या शहरात त्याच रुग्णाला यंत्रावर घेणाऱ्या संस्थेला दर सत्रामागे विमा योजनेतून रक्कम मिळते. टळलेल्या रोगाचे बिल कोणी कोणाला लावत नाही. अशा ठिकाणी बाजार चुकतो आणि शासनाने हस्तक्षेप करावयाचा असतो. शासनाचा हस्तक्षेप मात्र आजवर प्रामुख्याने यंत्राच्या बाजूनेच झाला आहे.

यावर हमखास सुचविला जाणारा उपाय म्हणजे तज्ज्ञांच्या जागा वाढविणे. चंडीगडला डॉ. कृपालसिंग चुग यांनी, मुंबईत के.ई.एम.मध्ये डॉ. विद्या आचार्य यांनी, अहमदाबादला डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी जे विभाग उभे केले, त्यांचे ऋण मोठे आहे. १९७१ मध्ये वेल्लोरला मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यशस्वी झाले, तेव्हापासून या शाखेने येथे मारलेली मजल अभिमानास्पद आहे. परंतु गणित पाहावे. एम.बी.बी.एस. साडेपाच वर्षे, एम.डी. तीन, डी.एम. आणखी तीन. साडेअकरा वर्षांनी, वाटेतील परीक्षांची प्रतीक्षा धरली तर त्याहून उशिरा, एक तज्ज्ञ तयार होतो आणि बहुधा मोठ्या शहरात स्थिरावतो. देशात दर दहा लाख लोकसंख्येमागे असे तज्ज्ञ दोन-तीन आहेत. ते दुप्पट झाले तरी हिंगोलीच्या किंवा गडचिरोलीच्या बाह्यरुग्ण विभागात पहिली तपासणी साधा पदवीधर डॉक्टरच करणार.

त्यामानाने कमी खर्चाची गोष्ट अगदी हाताशी आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे, अशी तरतूद आधीच झालेली आहे. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत आता डायलिसिस विभागही आहे, आणि तो अनेक ठिकाणी तंत्रज्ञाच्या भरवशावर चालतो. वैद्यकशास्त्राच्या निवासी डॉक्टरला त्या तीन महिन्यांतील काही आठवडे या विभागात ठेवावे. दाखल झालेल्या प्रत्येक नव्या रुग्णाची ती प्लॅस्टिकची पिशवी त्याने उघडावी, कागद तारखेनुसार लावावेत, कोणत्या कागदापाशी वाट चुकली ते लिहावे, आणि महिन्यातून एकदा तालुक्याच्या डॉक्टरांपुढे, नावे वगळून, ते वाचून दाखवावे. यास ना नवी इमारत लागते ना नवे यंत्र. ते वाचून दाखवताना अनेकांना अवघडल्यासारखे होईल, हे मान्य. वॉर्डातील शिक्षण कधीच फारसे सुखाचे नव्हते.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये एकाच दिवशी सुरू झाली. जालना, बुलढाणा, वाशिम, हिंगोली, गडचिरोली ही त्यांतील काही ठिकाणे. ज्या जिल्ह्यांतून आजवर रुग्ण फक्त बाहेर जात, तेथे आता विद्यार्थी येऊ लागले आहेत. त्यांची पहिली तुकडी २०२९ मध्ये आंतरवासितेसाठी वॉर्डात उतरेल. मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांसोबत घालवावयाचा एक सलग आठवडासुद्धा त्या वेळापत्रकात आज तरी सक्तीचा नाही.